तंबाखूवाल्यांच्या ट्रस्टकडून संशोधनासाठी पैसे : कॉलेजने धोरण काय ठेवावं?

कृष्णाकाठ :

नमस्कार. मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका डेंटल कॉलेजात शिकवते आणि कॉलेजच्या संशोधन समितीवर आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून समितीपुढेच आहे.

एका धर्मादाय ट्रस्टने तीन वर्षांच्या प्रकल्पासाठी पैसे देऊ केलेत. विषय ‘ग्रामीण मुखारोग्य आणि जीवनशैली’. गावोगाव तपासणी शिबिरं, संशोधन सहायकांचे पगार, बायोप्सीचा खर्च, शिवाय विभागाला एक चांगला मायक्रोस्कोप. आमच्याकडे पीजीची मुलं स्लाइड्स स्वतःच्या खिशातून आणतात, त्यामुळे हा मोह किती मोठा आहे ते ज्यांनी अशा कॉलेजात काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पत्र आलं त्याच दिवशी डीन सरांनी त्यावर ‘चांगली संधी’ असा शेरा मारला.

ट्रस्टचं नाव देवाचं. लेटरहेडवर तंबाखूचा मागमूस नाही. विश्वस्तांची नावं कंपन्यांच्या सरकारी नोंदींत शोधली तेव्हा कळलं की जवळजवळ सगळे एकाच घराण्यातले आहेत आणि त्या घराण्याचा धंदा जर्दा आणि पानमसाल्याचा.

पत्रातल्या अटी दोनच. प्रश्नावली ‘उभयपक्षी चर्चेने’ ठरवायची आणि निष्कर्ष छापायच्या साठ दिवस आधी ट्रस्टला दाखवायचे. सोबत नमुना प्रश्नावलीही जोडली होती, चार पानांची. तिखट किती खाता, दारू किती, दात कशाने घासता, कवळी टोचते का, दाताची तुटकी कड जिभेला लागते का, घरात कुणाला कॅन्सर होता का, फळं-भाज्या किती. प्रत्येकाखाली चार-पाच उपप्रश्न. आणि शेवटच्या पानावर तळाशी : ‘तंबाखूचे सेवन करता का? होय / नाही.’ झालं. कुठला प्रकार, कधीपासून, दिवसातून किती वेळा, गालात धरून झोपता का, यातलं काहीही नाही. मिश्रीचं, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीचं, नाव नाही. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणारी बाई ‘तंबाखू खाता का’ याला बिनदिक्कत ‘नाही’ म्हणते, हे आमच्या ओपीडीतल्या इंटर्नलाही माहीत असतं.

समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, प्रश्नावली आपण बदलून घेऊ. शिबिरात एखाद्या बाईच्या गालातला पांढरा चट्टा (ज्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो) वेळेत सापडला, तर पैसे कुणी दिले याच्याशी तिला काय देणंघेणं? हा मुद्दा मला झटकून टाकता येत नाही. दुसरा तट म्हणतो घेऊच नये, पण का, ते कागदावर मांडता येत नाहीये. ‘तंबाखू वाईट’ म्हटलं की डीन सर विचारतात, मग साखर कारखान्याच्या देणगीतून बांधलेलं सभागृह पाडायचं का? दात किडतात कशाने?

परदेशातल्या विद्यापीठांनी यात काय ठरवलं? सरसकट नकार की एकेका प्रस्तावाची छाननी? आणि आपल्याकडे काही नियम आहे का?

जुना कुलसचिव :

आपल्याकडचं आधी सांगतो, ते थोडक्यात आटोपेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला भारताने फेब्रुवारी २००४ मध्ये मान्यता दिली. त्याचं कलम ५.३ सांगतं की आरोग्यविषयक धोरणं तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून राखायची. २००८ साली डर्बनच्या परिषदेत त्या कलमाची मार्गदर्शक तत्त्वं ठरली. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यावरून जुलै २०२० मध्ये अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता काढली. ती तुमच्यासारख्या कॉलेजला शब्दशः लागू होते असं मी म्हणणार नाही, पण धोरणाच्या प्रस्तावनेत तिचा आधार जरूर घ्या. याच कराराच्या कलम १३ ची तत्त्वं तंबाखू कंपन्यांच्या ‘सामाजिक दायित्वा’च्या देणग्यांना प्रायोजकत्व मानतात. आपल्या २००३ च्या कोटपा, म्हणजे तंबाखू नियंत्रण कायद्याचं कलम ५ प्रसार आणि प्रायोजकत्वाबद्दलच आहे, आणि सीएसआर (हेच ते सामाजिक दायित्व) करताना कोटपाचं उल्लंघन होता कामा नये असं कंपनी कामकाज मंत्रालयाने २०१६ मध्ये परिपत्रक काढून बजावलंय. शिबिराच्या फलकावर ट्रस्टचं नाव-चिन्ह लागणार असेल तर हा मुद्दा बैठकीत काढाच.

‘विद्यापीठाने तंबाखू उद्योगाकडून संशोधन निधी घेऊ नये’ असं सरळ सांगणारा नियम मात्र माझ्या नोकरीत माझ्या टेबलावर कधी आला नाही. म्हणून संस्थेने स्वतःचं धोरण लिहून ठेवणं फार गरजेचं आहे, आणि प्रस्ताव दारात नसताना लिहिलेलं बरं. आत्ता तुमच्यासमोर मायक्रोस्कोप ठेवलेला असताना लिहावं लागतंय.

प्राजक्त :

कृष्णाकाठ ताई, डीन सरांचा साखर कारखान्याचा प्रश्न टाळू नका. त्याचं नीट उत्तर देता आलं की धोरण आपोआप लिहिलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठात नेमका याच प्रश्नावर काही वर्षं वाद चालला. मी तेव्हा तिथल्या एका कॅम्पसवर संख्याशास्त्राचं काम करत होते, त्यामुळे जवळून पाहिला.

आधी मागचा इतिहास, कारण सगळं त्यावर उभं आहे. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या बड्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले. सिगारेटच्या डांबराने उंदरांच्या कातडीवर गाठी येतात असं नुकतंच छापून आलं होतं आणि शेअर घसरले होते. त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीला बोलावलं. ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत त्यांचं पानभर निवेदन आलं : लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं, आम्ही संशोधनाला पैसा देऊ. त्यासाठी समिती नेमली आणि तिच्यावर वैज्ञानिक संचालक म्हणून क्लॅरेन्स कुक लिटल हे नावाजलेले जनुकशास्त्रज्ञ, एका मोठ्या विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, आणून बसवले. पुढे तिचंच नाव तंबाखू संशोधन परिषद झालं. ती १९९८ पर्यंत चालली.

त्या पैशावर झालेलं बरंचसं काम खरं होतं, चांगलं होतं. पेशी, विषाणू, अनुवंश यांवर लोकांनी मनापासून काम केलं. कंपन्यांना तेच हवं होतं. मोठमोठ्या विद्यापीठांतले प्राध्यापक ‘अजून शोध घेतायत’ म्हणजे सिगारेटबद्दल अजून काही ठरलेलं नाही, असं लोकांना वाटत राहिलं. शिवाय ‘विशेष प्रकल्प’ म्हणून वेगळी यादी होती, ती कंपन्यांचे वकील ठरवायचे. वकील! कोर्टात उपयोगी पडतील असे विषय आणि असे साक्षीदार.

१७ ऑगस्ट २००६ रोजी वॉशिंग्टनमधल्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी दीड हजाराहून जास्त पानांचा निकाल दिला. कंपन्यांनी पन्नास वर्षं संगनमताने लोकांना फसवलं, आणि संशोधनाला दिलेला पैसा हे त्या फसवणुकीचं एक साधन होतं, असं त्यात पुराव्यानिशी नोंदवलंय. २००९ मध्ये अपिलातही तो निकाल मुख्यतः टिकला.

डीन सरांना हे सांगा. आक्षेप माल वाईट आहे एवढ्यापुरता नाही. या उद्योगाने विद्यापीठाच्या संशोधनाचाच हत्यार म्हणून वापर केला आणि तो कोर्टात सिद्ध झाला. साखरेचंही सोडू नका : १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना पैसे देऊन हृदयविकाराचा दोष चरबीकडे वळवणारा लेख लिहवून घेतला होता, ती कागदपत्रं २०१६ मध्ये बाहेर आली. तेव्हा उद्या एखादा साखरवाला ‘दंतक्षयाची कारणं’ असा प्रकल्प स्वतःची प्रश्नावली घेऊन आला, तर त्यालाही हेच प्रश्न विचारा. सभागृह पाडायची गरज नाही.

आता तुमच्या चार पानांकडे येते. वाचून अंगावर काटा आला, कारण असंच एक उदाहरण मी कित्येकदा विद्यार्थ्यांना समजावून सांगितलंय. २००३ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमधले जेम्स एन्स्ट्रॉम आणि न्यूयॉर्कचे जेफ्री काबाट यांचा लेख आला. १९५९ मध्ये नोंदलेल्या १,१८,०९४ कॅलिफोर्नियावासीयांचा १९९८ पर्यंतचा मागोवा. निष्कर्ष असा की नवरा किंवा बायको सिगारेट ओढत असली, तरी न ओढणाऱ्या जोडीदाराच्या मृत्यूचं प्रमाण म्हणावं तसं वाढत नाही. अभ्यासाच्या शेवटच्या टप्प्याचा पैसा तंबाखू कंपन्यांनी उभ्या केलेल्या एका ‘घरातील हवा’ संशोधन केंद्राकडून आला होता. त्यांनी आकडे बनवले असं मी म्हणत नाही, तसा माझ्याकडे पुरावाही नाही. खोट तुलनेत होती. १९५९ च्या अमेरिकेत ऑफिस, हॉटेल, विमान, सगळीकडे धूर. जोडीदार सिगारेट न ओढणारी बाईसुद्धा दिवसभर धुरातच बसलेली. मग तुलना कुणाशी? शिवाय १९७२ नंतर पुढची पंचवीसेक वर्षं जोडीदार ओढतोय की सोडली की वारला, याची माहितीच घेतलेली नव्हती. ज्या अमेरिकन कॅन्सर सोसायटीची ती मूळ माहिती, तिनेच या वापरावर जाहीर आक्षेप घेतला. तरी लेख छापून आला तो विद्यापीठाच्या नावासकट, आणि ते नाव जगभर वापरलं गेलं. केसलरबाईंच्या निकालातही या अभ्यासाची चर्चा आहे.

तुमच्या प्रश्नावलीत ‘होय / नाही’चा एकच प्रश्न आहे, आणि मिश्रीवाल्या सगळ्या बाया ‘नाही’च्या रकान्यात जाणार. म्हणजे तंबाखू न घेणाऱ्यांच्या गटातच तंबाखूमुळे झालेले चट्टे भरले जाणार. दोन गटांतला फरक पुसट होईल, आणि दारू, तिखट, तुटक्या दाताची कड यांचे आकडे मात्र उपप्रश्नांमुळे ठसठशीत दिसतील. एकाही संशोधन सहायकाला खोटं बोलावं लागणार नाही. प्रश्न कुणी ठरवायचे हे पैसे देणाऱ्याच्या हातात गेलं की बाकी सगळं प्रामाणिकपणे करूनही हेच होतं.

बार्न्स आणि बीरो या दोघींनी १९९८ मध्ये जामा या नियतकालिकात हेच मोजून दाखवलं. दुसऱ्याच्या धुराबद्दलचे १०६ समीक्षालेख त्यांनी तपासले. ३९ लेखांनी ‘अपाय नाही’ म्हटलं होतं आणि त्यातल्या २९ लेखांच्या लेखकांचा तंबाखू उद्योगाशी संबंध होता. लेखाचा दर्जा, वर्ष, तज्ज्ञांकडून तपासणी झाली की नाही, यातल्या कशानेही निष्कर्षातला फरक उलगडत नव्हता. उद्योगाशी असलेल्या संबंधाने उलगडत होता.

कॅलिफोर्नियात शेवटी काय झालं? काही विभागांनी स्वतःहून ठराव केले की आम्ही तंबाखूचे पैसे घेणार नाही. प्राध्यापकांच्या सिनेटने सांगितलं की कुणाचा पैसा घ्यायचा हे प्रत्येक संशोधकाचं स्वातंत्र्य आहे, विभागाने बहुमताने ते काढून घेऊ नये. या भूमिकेमागे चांगली, स्वतः तंबाखूविरोधी असलेली माणसंही होती, हे आवर्जून सांगते. सप्टेंबर २००७ मध्ये विश्वस्त मंडळाने मधला मार्ग काढला : बंदी नाही, पण तंबाखू उद्योगाकडे जाणारा प्रत्येक प्रस्ताव आधी शास्त्रज्ञांच्या समितीने तपासायचा, मग कॅम्पसच्या प्रमुखाने मान्यता द्यायची, आणि वर्षाला मंडळापुढे अहवाल ठेवायचा. त्याउलट हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने २००२ मध्येच सरळ नकाराचं धोरण केलं होतं. २०१७ मध्ये फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने वर्षाला ८ कोटी डॉलर देण्याची घोषणा करून ‘धूरमुक्त जगा’साठी प्रतिष्ठान काढलं, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १७ सार्वजनिक आरोग्य विद्यालयांच्या डीननी मिळून जाहीर केलं की त्या पैशाला आम्ही हात लावणार नाही.

माझं मत विचाराल तर सरसकट नकार. छाननी समिती एका वेळी एकच प्रस्ताव बघते, आणि एकटा प्रस्ताव बहुधा ठीकच असतो. नुकसान होतं ते कुठले प्रस्ताव आले, कुठले आलेच नाहीत आणि संस्थेचं नाव कुठे वापरलं गेलं यात. ते त्या समितीच्या टेबलावर कधी येतच नाही.

निपाणीकर :

प्राजक्त ताईंनी मेहनतीने लिहिलंय, पण मला एक सल आहे ती बोलतो. आमच्या घरी तीन पिढ्या तंबाखू पिकला. माझ्या आईने वखारीत तंबाखू चाळलाय, त्या धुरळ्यात आमच्याकडच्या बायांची अख्खी आयुष्यं गेली. १९८१ साली शरद जोशींच्या मागे माझे वडील निपाणीच्या रस्त्यावर बसले होते भावासाठी, आणि त्या आंदोलनात गोळीबारात माणसं गेली. मी शिकलो ते त्याच तंबाखूच्या पैशावर. आता शहरातली शिकलेली मंडळी ‘तंबाखूचा पैसा’ म्हणून नाक मुरडतात तेव्हा मला ते आमच्या घरालाही लागतं.

आणि सरकारचं काय? कर घेतंच ना? एलआयसीकडे सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे शेअर आहेत, आपल्या सगळ्यांच्या विम्याचे हप्ते तिथे आहेत. कॉलेजच्या एका मायक्रोस्कोपवर एवढी नैतिकता कशाला?

प्राजक्त :

निपाणीकर दादा, तुमच्या आईवडिलांच्या कष्टाच्या पैशाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, काढणारही नाही. १९८१ ला ते ज्यांच्याकडे भाव मागत होते ते व्यापारी आणि कारखानदार. उद्या याच डेंटल कॉलेजने वखारीतल्या बायांच्या फुप्फुसांचा अभ्यास करायचं ठरवलं, तर जर्द्याच्या घराण्याचा ट्रस्ट त्याला पैसे देईल? दिलेच तर त्यात पगाराचा आणि धुरळ्याचा प्रश्न ठेवू देईल? तो अभ्यास व्हायला पाहिजे असं मला फार वाटतं, आणि तो सार्वजनिक पैशावरच होईल.

एलआयसीचा मुद्दा पूर्ण मान्य. मुखाच्या कॅन्सरने गेलेले आपले माजी मंत्री सतीश पेडणेकर यांच्या पत्नी सुमित्रा पेडणेकर आणि इतरांनी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याच गुंतवणुकीविरुद्ध जनहित याचिका केली होती. सरकार चुकतंय म्हणून कॉलेजने चुकायचं हे मात्र मला पटत नाही. करारात कलम ५.३ आहे ते सरकारनेच मान्य केलेलं.

सेवानिवृत्त दंतवैद्य :

शिबिरात चट्टा सापडणाऱ्या बाईचा मुद्दा सगळ्यांनी बाजूला ठेवला. माझी सगळी नोकरी त्याच कामात गेली म्हणून त्यावरच लिहितो.

नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासून कॅन्सरचे मृत्यू कमी होतात का, याची मोठी चाचणी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झाली. २००५ मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. फायदा दिसला तो तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत, आणि चांगला दिसला. मग शिबिर झाल्यावर परत कुणाला बोलवायचं, कुणाच्या घरी आरोग्यसेविका पाठवायची, हे ठरवायला तंबाखूची सविस्तर नोंदच लागते. ‘होय / नाही’च्या फॉर्मवर मिश्रीवाली बाई ‘नाही’ म्हणून सुटली की पुढच्या वर्षी तिला कुणी बोलावणार नाही. म्हणजे ज्या बाईसाठी पैसे घ्या म्हणताय, नेमकी तीच गळते.

तुमच्या विद्यार्थ्यांना हेही सांगा की असं काम महाराष्ट्रात फार पूर्वी झालंय. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागातून, पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अहवाल १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. कोण काय घेतो, कसा घेतो, गालात कुठे धरतो, याची सवयीनुसार नोंद हाच त्या पद्धतीचा कणा होता. तोंडातला चट्टा कुठे आहे ते बघून माणूस तंबाखू कुठे धरतो ते सांगता येतं. हे ज्याने एकदा पाहिलं तो एका ओळीचा प्रश्न मान्य करूच शकत नाही.

आणि आपल्या राज्याचा आकडा डोळ्यांपुढे ठेवा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराचा तंबाखू घेत होते, बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के. इथला प्रश्न गालातल्या तंबाखूचा आहे, आणि देणगी देणारे तेच विकतात.

कृष्णाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. निपाणीकर दादा, माझ्या माहेरीही विडी वळायच्या, तुमचं लागलं ते समजलं.

मी धोरणाचा मसुदा केलाय. ‘तंबाखूजन्य पदार्थांचं उत्पादन किंवा विक्री करणाऱ्या कंपन्या, त्यांच्या उपकंपन्या, आणि ज्या ट्रस्टचा निधी वा नियंत्रण अशा कंपन्यांकडे किंवा त्यांच्या संचालकांकडे आहे, त्यांच्याकडून संशोधन, शिष्यवृत्ती, उपकरणं, परिषद वा शिबिरासाठी कोणतीही मदत घेतली जाणार नाही.’ काल डीन सरांना सदस्याच्या नात्याने भेटले. केसलर निकालाचा मुद्दा त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग त्यांची सूचना : ‘संशोधनाला नको, पण उपकरण आणि सभागृहाला चालेल असं करू.’ यावर काय म्हणू? आणि नियम करून पाळला गेला नाही तर कळणार कसं?

जुना कुलसचिव :

उपकरणाची पळवाट ठेवू नका. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने डिसेंबर २००० मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोकडून ३८ लाख पौंड घेतले ते कॅन्सरच्या संशोधनासाठी नव्हेत, उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीचं केंद्र काढायला. बीएमजेचे संपादक रिचर्ड स्मिथ तिथे मानद प्राध्यापक होते. त्यांनी वाचकांचं मत घेतलं. ८४ टक्के म्हणाले पैसे परत करा, ५४ टक्के म्हणाले परत केले नाहीत तर स्मिथनी पद सोडावं. विद्यापीठाने पैसे ठेवले, स्मिथनी २००१ मध्ये राजीनामा दिला. कंपनीला प्रयोगशाळेशी देणंघेणं नव्हतं, नाव मिळालं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात तर पैसा सिगारेटच्या तस्करीवर कायद्याचा अभ्यास करायला आला होता, फिलिप मॉरिसच्याच एका निधीतून. ‘कर वाढवला की तस्करी वाढते’ हा या उद्योगाचा जुना युक्तिवाद, तेव्हा विषय का निवडला ते उघड आहे. टीका झाल्यावर २०१८ च्या सुरुवातीला विद्यापीठाने माघार घेतली. म्हणून धोरण फक्त वैद्यकीय विषयांपुरतं ठेवू नका.

पाळलं जातंय का ते कळायला उघडपणा हवा. जिनिव्हा विद्यापीठातले राग्नार रिलांडर हे प्राध्यापक कित्येक वर्षं फिलिप मॉरिसचे गुप्त सल्लागार होते. ते कळलं १९९८ च्या, अमेरिकेतली राज्यं आणि तंबाखू कंपन्या यांच्यातल्या समझोत्यामुळे कंपन्यांची कागदपत्रं खुली झाली म्हणून. २००१ मध्ये दोन तंबाखूविरोधी कार्यकर्त्यांनी ते जाहीर केलं, प्राध्यापकांनी बदनामीचा खटला भरला, आणि डिसेंबर २००३ मध्ये तिथल्या न्यायालयाने कार्यकर्त्यांना निर्दोष ठरवलं. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या २००६ च्या करारात तर कंपनीच्या परवानगीशिवाय निष्कर्ष छापायचे नाहीत आणि पत्रकारांनी विचारलं तर बोलायचं नाही, अशी कलमं होती. न्यूयॉर्क टाइम्सने २००८ मध्ये ती बाहेर काढली. तुमची साठ दिवसांची अट त्याच जातीची आहे, फक्त भाषा मऊ आहे.

तेव्हा मसुद्यात तीन गोष्टी जोडा. प्रत्येक प्राध्यापकाने दरवर्षी बाहेरचं मानधन, सल्लागारी आणि प्रवासखर्च लेखी जाहीर करायचा. संस्थेला मिळालेला प्रत्येक संशोधन निधी आणि त्याचा करार वेबसाइटवर टाकायचा, फक्त रक्कम नाही, करारसुद्धा. आणि कुणाचाही निधी असो, प्रश्नावली आणि प्रसिद्धीचा निर्णय संशोधकाचाच राहील, निधी देणाऱ्याला मसुदा दाखवायचं बंधन नसेल. हे तिसरं कलम साखर कारखान्यालाही लागू होईल आणि औषध कंपन्यांनाही, त्यामुळे डीन सरांची ‘एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय’ ही हरकत उरणार नाही.

ट्रस्टच्या पत्राला तोंडी नकार देऊ नका. ठराव क्रमांक घालून लेखी उत्तर पाठवा, कारणासकट, म्हणजे पुढचे डीन आल्यावर तेच पत्र पुन्हा ‘चांगली संधी’ होणार नाही. मायक्रोस्कोप आणि बायोप्सीच्या खर्चासाठी आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) प्रस्ताव घाला. शिबिरांसाठी जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण कक्षाला विचारा, तोंडाची तपासणी त्यांच्याही कामात बसते. अंदाजपत्रकाचा तक्ता करून पाठवलात तर मी बघून देईन. अशा तक्त्यांत नेमकं काय कापलं जातं ते मला ठाऊक आहे.